सहा बदामांची बोली

माझ्यावर सर्वांत मोठं ऋण कुणाचं, असं कुणी विचारलं तर मी डॉक्टर यमुनाबाई खासनिसांचं नाव घेतो. ऐकणाऱ्याला वाटतं, त्यांनी मला मोठ्या दुखण्यातून वाचवलं असेल. खरं तर त्यांनी मला कधी साधी गोळीसुद्धा दिली नाही. त्यांनी मला पत्ते शिकवले. एवढं सांगितलं की माणसं हसतात, आणि मग पुढचं सांगायला मला जरा वेळ लागतो.

परवा बाजारात भरिताची वांगी आलेली दिसली. लांबट, हिरवी, अंगावर पांढुरक्या रेघा. हातात घेतल्यावर आकाराच्या मानानं हलकी लागली की ती आतून बिनबियांची, हे आमच्याकडच्या पोरालाही कळतं. वांगी हातात घेतली आणि ती थंडी आठवली. मार्गशीर्ष संपत आलेला, वेचणी उरकलेल्या शेतांत कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्या उभ्या, जिनिंगच्या भोंग्यांनी सकाळ फुटायची आणि रस्त्यावरच्या बाभळींना गाड्यांतून उडालेला कापूस लटकलेला असायचा. खानदेशात थंडी अशी पांढरी दिसते. स्वातंत्र्य येऊन चार-पाच वर्षं झाली होती. मी धुळ्याला, देवपुरातल्या एका हायस्कुलात मास्तर होतो, आणि राहायला अक्कांच्या दवाखान्यामागची खोली होती.

यमुनाबाईंना अख्खं देवपूर अक्का म्हणे. पांझरा नदीच्या अलीकडे-पलीकडे जन्मलेली निम्मी पोरं त्यांच्या हातांवर आलेली. उंच, सावळ्या, केस लवकर पिकलेले. बोलणं कमी आणि ठाम. खोली घ्यायला गेलो तेव्हा भाड्याचं वगैरे झाल्यावर त्यांनी एकच विचारलं, पत्ते येतात का. मी म्हणालो, मेंढीकोट येतो. त्या म्हणाल्या, "मग निम्मं येतं. उरलेलं निम्मं मी सांगेन. संध्याकाळी ओसरीवर या."

मेंढीकोट मी सावद्याला केळीच्या बागेत शिकलो. दुपारी पाण्याची पाळी नसली की बागेतल्या ओल्या सावलीत गोणपाट टाकून आम्ही बसायचो. केळीच्या बागेतला उजेड हिरवा असतो. त्यात लाल पत्ते काळसर दिसतात आणि बदाम-चौकटची फसगत होते. तिथे मला चार गोष्टी आल्या. जोडीदाराचा चेहरा बघू नये, त्याचं पान बघावं. हुकूम मोजावा. गेलेलं पान आठवावं. आणि चौथी, सगळ्यांत पक्की गोष्ट: हात चांगला आला तरी तोंडातून शब्द काढू नये. चारही दश्श्या पकडून कोट झाला की मग ओरडायचं. आधी ओरडणाऱ्याचा कोट कधी होत नाही, असा आमचा विश्वास.

हा विश्वास पत्त्यांपुरता नव्हता. आमच्या घरात कुठलीच चांगली गोष्ट आधी बोलत नसत. केळी निसवून घड डोळ्यांसमोर लोंबत असत, व्यापारी येऊन विचारी, "आबा, औंदा माल किती?" माझे वडील आकाशाकडे बघून म्हणत, पाहू. घड मोजता येत होते. व्यापाऱ्यानंही मोजलेले असत. पण धन्यानं आकडा उच्चारायचा नाही. ते मला सांगायचे, "घड कापल्याबिगर तोंडातून काढू नही, मुरली. नजर माणसाची नसते, आपल्याच जिभेची असते." बहिणीचं लग्न ठरलं ते हळद लागेपर्यंत शेजारी कळलं नव्हतं. मी बी.ए.ला बसलो तेव्हा आईनं शेजारणीला सांगितलं, पोरगा जळगावला कामाला गेला आहे. आमच्या घराण्यात मॅट्रिकच्या पुढे गेलेला मी पहिला, आणि पास झाल्याचं कळलं तेव्हा आबांनी पहिल्यांदा विचारलं ते हे की कुणाला आधी सांगितलं नव्हतंस ना.

अशा घरातला मुलगा ब्रिज शिकायला बसला. ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगतो. यातही चार गडी, समोरासमोर दोन जोड्या, तेरा हात. पण पहिलं पान पडण्याआधी बोली होते. आम्ही अमुक हुकमावर अमुक हात करू, हे तोंडानं कबूल करावं लागतं. बोलीच्या आकड्यात सहा मिळवायचे: चार बदाम म्हणजे बदाम हुकूम धरून दहा हात. सहा बदाम म्हणजे बारा. तेरातला एकच हात समोरच्यांना द्यायचा. त्या बाराच्या बोलीला स्लॅम म्हणतात आणि त्याचं बक्षीस मोठं असतं. मात्र अट अशी की ते आधी बोललेलं असलं पाहिजे. दहा बोलून बारा केले तर दहाचंच मोल, वरच्या दोनांची चिल्लर. बारा बोलून अकरा केले तर हातातलं दहाचं बक्षीसही गेलं.

पहिल्याच महिन्यात मी असे बारा हात केले. खूश होऊन मी पत्ते गोळा केले. अक्कांनी हिशेब लिहिला आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"मास्तर, तुम्हाला हे बारा दिसत होते?"

मी म्हणालो, अंदाज होता.

"मग बोलला का नाहीत?"

आबा म्हणतात तसं पाहू म्हणावं, तर पाहण्याची वेळ निघून गेली होती. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. मी नेहमी चारवर थांबायचो. समोर बसणारे तात्यासाहेब वकील, जे धुळ्याच्या क्लबाचे सेक्रेटरीही होते, मला चिडवायचे की मास्तर, तुम्ही पगारसुद्धा निम्माच मागून घेता की काय. अक्का हसायच्या नाहीत. त्यांना या गोष्टीचा राग यायचा हे मला हळूहळू कळलं.

त्याच थंडीत दुसरी एक गोष्ट चालली होती. माझ्या शाळेनं जूनपासून मला कायम करायचं ठरवलं होतं. आमच्याकडे कायम या शब्दाला देवाच्या खालोखाल मान. आणि अक्का म्हणत होत्या की नोकरी सोडा, पुण्याला जा, एम.ए. करा. माझे निबंध त्या वाचत. त्यांच्या ओळखीनं वसतिगृहाची सोय होणार होती. मी हो म्हणत नव्हतो आणि नाहीही म्हणत नव्हतो. पाहू, म्हणत होतो. आबांना तर मी यातलं अक्षरही सांगितलं नव्हतं.

एका संध्याकाळी अक्का बाळंतपणावरून परत आल्या. पदर खोचलेला, हातांना डेटॉलचा वास. ओसरीवर बसून चहा घेताना त्या म्हणाल्या, "अडलेल्या बाईच्या घरी गेले की मी आधी दारात सांगते, दोघंही वाचतील. मग आत जाते."

मी घाबरून विचारलं, आधीच कसं सांगता.

"तपासून सांगते. उगाच नाही. पण सांगते. एकदा बोलून बसलं की माझे हात नीट चालतात. मनात ठेवलं तर हातांना पळवाट सापडते."

"आणि चुकलं तर?"

त्यांनी कप खाली ठेवला. "चुकतं. तेव्हा त्याच दारात उभी राहून तेही मीच सांगते. नर्सला पाठवत नाही."

हे वाक्य मी त्या वेळी नुसतं ऐकलं. काही वाक्यं तशीच असतात. ती आधी कानात राहतात आणि त्यांच्या गरजेच्या दिवशी आत उतरतात.

नाताळात कोर्टाला सुट्टी लागली की वकील मंडळी मोकळी होत, आणि धुळे-जळगाव असा ब्रिजचा सामना होई. त्या वर्षी तो जळगावला होता. क्लबाच्या चौघांतले मामलेदार आणि त्यांचा जोडीदार बदलून गेले म्हणून अक्कांना प्रथमच संघात घेतलं. बाईमाणसाला सामन्याला न्यायचं यावर क्लबात कुरकुर झाली. अक्कांनी ती ऐकून घेतली आणि वर आपला जोडीदार म्हणून मला मागितलं. तात्यासाहेबांनी एखादा मुरलेला वकील घ्या म्हणून सुचवलं. अक्का म्हणाल्या, मास्तरांचे हात चांगले आहेत, फक्त तोंड उघडायचं बाकी आहे.

पहाटेच्या मोटारीनं आम्ही निघालो. पारोळा, एरंडोल. खिडकीच्या फटीतून येणारी थंडी गुडघ्यांवर बसत होती. रस्त्याला कापसाच्या गाड्यांची रांग, गाडीवान घोंगडीत, बैलांच्या नाकांतून वाफ. जळगाव आलं तेव्हा अक्का म्हणाल्या, "आज मला पाहू हा शब्द ऐकायचा नाही."

क्लबाच्या मागच्या आवारात यजमानांनी पऱ्हाट्यांचा जाळ करून वांगी भाजायला टाकली होती. तो धूर गोडसर असतो. साल करपून तडकली की आतल्या पाण्याचा फसफस आवाज येतो. खेळताना सबंध वेळ तो वास खिडकीतून येत होता, आणि अजूनही तो आला की मी मनात पानं मोजू लागतो.

ज्या टेबलावर आम्ही होतो तिथे जळगावकडून रहीमशेठ आणि त्यांचा भाचा बसले होते. रहीमशेठ कापसाचे अडते. गोरे, स्थूल, काळी टोपी. कापसात हात घालून धाग्याची लांबी सांगणारा माणूस, आणि पत्ते असेच चाचपून खेळे. दुसऱ्या खोलीत आमचे तात्यासाहेब आपला जोडीदार घेऊन जळगावच्या दुसऱ्या जोडीविरुद्ध होते. सामन्याची रीत अशी की जे पत्ते आमच्याकडे येत तेच त्या खोलीत समोरच्यांच्या जोडीकडे जात. म्हणजे नशिबाला दोष द्यायची सोय नाही. तेच पत्ते घेऊन कुणी काय केलं, एवढंच पाहायचं.

सकाळभर आम्ही बरोबरीत चाललो. जेवणाआधीचा शेवटचा डाव वाटला, त्यावर सामना ठरणार होता.

माझ्या हातात इस्पिकचा एक्का. चौकटचे एक्का, राजा, राणी. किलवरचं एकच पान. आणि बदामाची चार बारकी पानं, सगळ्यांत मोठी अठ्ठी. अक्कांनी एक बदाम बोलून सुरुवात केली. मी तीन बदामांची उडी मारली, म्हणजे तुमचा हुकूम मला पसंत आणि हात भारी. अक्का म्हणाल्या, चार बदाम. दहा हात. दहाच्या बक्षिसाचा गेम झाला, सुरक्षित, भरलेलं ताट.

माझी पाळी आली. पास म्हटलं की संपलं. माझ्या पूर्वीच्या सगळ्या वर्षांनी माझ्या जिभेवर पास आणून ठेवला होता.

रहीमशेठ भाच्याकडे बघून म्हणाले, "मास्तरभाई, बदाम कडू निघाले का? भरीत गार होतंय."

भाचा हसला. मी पुन्हा पानं पाहिली. अक्का माझ्याकडे बघत नव्हत्या. त्यांची नजर टेबलाच्या मध्यावर होती, अडलेल्या बाईच्या घरी घड्याळाकडे बघतात तशी स्थिर. मी मोजायला लागलो. किलवरचं एकच पान, म्हणजे तिथे गेला तर एक हात, पुढे माझ्या बारक्या बदामांनी मारता येईल. चौकटीत काही जात नाही. इस्पिकला एक्का आहे. भीती एकाच गोष्टीची, दोन एक्के समोरच्यांकडे असण्याची. आणि ते विचारता येत होतं. मी म्हणालो, "चार नो ट्रम्प." ही बोली म्हणजे जोडीदाराला प्रश्न, एक्के किती? अक्कांनी ठरलेल्या खुणेनं उत्तर दिलं, "पाच बदाम." दोन.

चारही एक्के आमच्याकडे होते. अक्का फुकट सुरुवात करणाऱ्या नव्हत्या, तेव्हा दोन एक्क्यांसोबत एखाददुसरा राजा असणार, आणि बदाम निदान पाच. बाहेर बदामाची चार पानं. ती दोघांत कशीही वाटली गेली तरी बारा हात होतात. चारही एकाच हातात बसली तरच घात. तसं क्वचित होतं. दहात एकदा.

इथे थांबता येत होतं. पाच बदाम म्हणजे अकरा हात, ते बहुधा होणारच होते. आणि आता मला दिसलं की मी हिशेब केव्हाच संपवलेला आहे. घड मोजून झाले होते. मी नुसताच आकाशाकडे बघत होतो. बारा मला दिसत होते, पण ते जिभेवर येताना छातीत जी कळ येत होती तिचा पत्त्यांशी संबंध नव्हता. ती आईची होती, आबांची होती, ज्यांच्याजवळ थोडंच होतं आणि तेही बोलल्यानं जाईल म्हणून जे पिढ्यान्‌पिढ्या गप्प बसले त्यांची होती. त्यांचं गप्प बसणं मला मूर्खपणाचं वाटत नाही, तेव्हाही वाटलं नाही. गारपिटीच्या मुलखात आणखी काय करणार? पण त्यांनी गप्प राहून जे जपलं ते जपलेलंच ठेवायला मला शिकवलं होतं का? शाळेत घातलं तेव्हाच त्यांनी न बोलता एक बोली केली होती. ती पुरी करायची तर पुढची मला तोंडानं बोलायला हवी होती.

"सहा बदाम," मी म्हणालो. आवाज जरा मोठाच निघाला. भोवती बसलेले लोक वळले.

भाचा पास. अक्का पास. रहीमशेठनी टोपी मागे सारली आणि अगदी हळू, जवळजवळ मायेनं म्हणाले, "डबल."

डबल म्हणजे ही बोली फसणार याची आपल्याला खात्री आहे असं समोरच्यानं सांगणं. बाकी तिघे पास. उतारी, म्हणजे पहिलं पान टाकायची पाळी, रहीमशेठची; त्यांनी किलवरचा राजा टाकला. बदाम आधी अक्कांनी बोलले होते, म्हणून खेळणार त्या आणि मी डमी. माझे पत्ते टेबलावर उघडे मांडायचे आणि हात बांधून बसायचं. अक्कांनी माझी पानं पाहिली आणि म्हणाल्या, "छान." त्यांनी एक्क्यानं हात घेतला. मग बदामाचा एक्का टाकला. रहीमशेठची नव्वी पडली, माझी दुर्री पडली, आणि भाच्यानं चौकट टाकली. त्याच्याकडे बदामच नव्हता. चारही बदाम, राणी, गुलाम, दश्शी, नव्वी, रहीमशेठकडे.

ते पान पडलं तेव्हा मला प्रथम घरच आठवलं. बोललास ना आधी, असं कुणीतरी कानात म्हणालं. अक्का क्षणभर थांबल्या आणि खेळत राहिल्या, प्रत्येक पान तितक्याच निगुतीनं. दोन हात जायचे होते ते गेले. अकरा झाले. शेवटचं पान पडल्यावर अक्का सगळ्या टेबलाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "एक कमी. आम्ही बारा बोललो होतो."

दुसऱ्या खोलीतून तात्यासाहेब आले. तिथे जळगावकर चारवर थांबले होते आणि तेच अकरा हात करून गेम घेऊन गेले होते. सामना आम्ही हरलो. तात्यासाहेबांनी अक्कांना काही म्हटलं नाही, मला म्हटलं, की मास्तर, वर्षभर तोंड मिटून बसलात आणि उघडलं ते आज. सावद्याला परत जा आणि केळी लावा, तिथे बोलावं लागत नाही. सगळे हसले. मीही हसायचा प्रयत्न केला.

अक्का पत्ते पेटीत घालत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "तात्यासाहेब, हेच पत्ते उद्या पुन्हा आले तर मास्तर पुन्हा सहाच बोलतील. आणि नाही बोलले तर मी जोडीदार बदलेन."

आवारात सगळे पंगतीला बसले. कळण्याची म्हणजे ज्वारी-उडदाची भाकरी, भरीत, कांद्याची पात. रहीमशेठ माझ्या शेजारी येऊन बसले. त्यांनी माझ्या पानावर भरीत वाढायला सांगितलं आणि म्हणाले, "मास्तरभाई, चार बदाम माझ्याकडे आले, त्यात तुमचा काय कसूर? मीपण सहाच बोललो असतो." मग भाकरी मोडता मोडता, "म्हणजे बोलायला पाहिजे होतं. बोललो असतो की नाही, अल्ला जाणे."

सुट्टीचे चार दिवस उरले होते. बाकीचे धुळ्याकडे गेले, मी उलट्या बाजूची मोटार धरली. अक्का मला पोचवायला स्टँडवर आल्या होत्या. पुण्याचं नाव त्यांनी काढलं नाही, मीही नाही. नशिराबादपर्यंत मी हरलेल्या डावातच होतो. एक चूक शोधत होतो आणि ती सापडत नव्हती. पुढे भुसावळ मागे पडलं, रस्त्याच्या दोन्ही अंगांना केळी सुरू झाली, आणि माझ्या ध्यानात आलं की चूक नाहीच. हरलो होतो, पण लाज वाटत नव्हती. माझ्या आयुष्यात मी आधी बोलून केलेली ती पहिली गोष्ट होती. ती फसली होती, आणि तरी मोटारीत मी ताठ बसलो होतो.

पुढे काय झालं, जूनमध्ये कोण कुठे होतं, निकाल काय लागला, हे मी इथे मुद्दाम लिहीत नाही. निकालावरून बोली तोलायची नाही, हे मी अक्कांच्याच ओसरीवर शिकलो. त्या सुट्टीत सावद्याहून मी त्यांना जे पत्र पाठवलं तेवढं उतरवून थांबतो.

"तीर्थस्वरूप अक्कांस,

साष्टांग नमस्कार. काल सुखरूप पोचलो. आज सकाळी आबा बागेत पाणी धरत होते, तिथे जाऊन त्यांना सांगितलं की जूनमध्ये शाळा सोडतो आणि पुण्याला एम.ए.ला जातो. त्यांनी पाटाचं दार बांधलं, फावडं टेकवलं आणि विचारलं, 'जागा मिळाली का?' मी म्हणालो, अजून नाही. 'मंग आताच काहून सांगतो?' मी म्हणालो, म्हणूनच सांगतो.

त्यांनी फावड्याची माती खरवडून काढली. मग म्हणाले, 'बठ्ठ्या गावाले सांगशील?' मी म्हणालो, सगळ्या गावाला नाही, कुणी विचारलं तर सांगेन. दुपारी आईनं माझ्यावरून मीठ-मोहऱ्या ओवाळून चुलीत टाकल्या आणि संध्याकाळी आबांनी ओट्यावर आलेल्या व्यापाऱ्याला स्वतः होऊन सांगितलं, 'पोरगा पुण्याले जाणार हाये. मोठ्या परीक्षेले.' मी त्यांना असं बोलताना पहिल्यांदा ऐकलं.

मुख्याध्यापकांना आजच लिहितो आहे. वसतिगृहासाठी आपण लिहावं ही विनंती. मी दोन वर्षांत एम.ए. होणार आहे आणि पहिल्या वर्गात होणार आहे. जमलं तर, देवानं दिलं तर, असं या पत्रात कुठेही लिहिलेलं नाही, ते आपण पाहिलंच असेल. चुकलं तर आपल्या दारात येऊन मीच सांगेन, दुसऱ्याला पाठवणार नाही.

माझी बोली झाली आहे. आता उतारी ज्याची असेल त्यानं पान टाकावं.

आपला,
मुरलीधर"